दुइलिओला कशाने आणायचं

सिएना, ३ सप्टेंबर १९६१

नेल्ला,

फ्लोरेन्सच्या पालिकेचं पत्र तुलाही आलंच असेल. दुइलिओला जमिनीत ठेवून दहा वर्षं झाली, आता जागा रिकामी करायची आणि हाडं नातेवाइकांनी न्यायची, असं त्यात आहे. नातेवाईक म्हणजे आपण दोघी बहिणी, तिसरं आहे कोण? तिथल्या इस्पितळात त्याचा हात धरून मी म्हटलं होतं, "दहा वर्षं इथे काढ बाबा, मग मी तुला घरी नेते." तेव्हा शववाहिनी करून त्याला सिएनाला आणायची आपली ऐपत नव्हती. बिचारा म्हणाला, "बरं. पण विसरू नकोस." मी विसरलेली नाही. माझं दुसरं काही व्हायचं राहिलेलं नाही, एवढंच राहिलंय.

आता प्रश्न असा की आणायचं कशाने. जस्ताचा डबा देतात, मांडीच्या हाडाएवढा लांब. कायद्याने बघितलं तर दोन्ही पालिकांचे परवाने हवेत आणि गाडीही तीच काळी हवी. पण आपल्या आळीत आजवर असं कुणी केलेलं मला माहीत नाही. खालच्या मजल्यावरच्या झेलिंदाने तिच्या नवऱ्याला लिवोर्नोहून बॅगेत आणला, वर दोन स्वेटर पसरले आणि तिकीट तपासनिसाला सँडविच दिलं.

तू आगगाडीने ये. बस मला नको. बसवाले सामान टपावर टाकतात, आणि माझा भाऊ कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून गावात शिरणार नाही. आगगाडीत बॅग डोक्यावरच्या फळीवर राहते, डोळ्यांसमोर असते.

नीट विचार करून कळव. फ्लोरेन्सच्या लोकांना मात्र विचारत बसू नकोस. त्यांना सिएनाला यायची एकच रीत ठाऊक आहे, तोफा घेऊन.

आर्जिया


फ्लोरेन्स, १० सप्टेंबर १९६१

आर्जियाताई,

चारशे वर्षांपूर्वीच्या तोफांचा राग माझ्यावर का काढतेस? मी इथे हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करते, तोफा ओतत नाही.

तू आगगाडीत शेवटची कधी बसलीस ते आठव. एम्पोलीला उतरावं लागतं. भुयाराचा जिना उतरायचा, पलीकडे चढायचा, आणि मग सिएनाची ती छोटी गाडी तिच्या लहरीने येईपर्यंत फलाटावर कुडकुडत बसायचं. हमाल धावत येणार, बॅग उचलणार आणि म्हणणार, "काय हो बाई, भांडी भरलीत काय?" त्याला मी काय सांगू? एवढं करून सिएनाचं स्टेशन गावात नाहीच, डोंगराच्या पायथ्याशी. तिथून वर आणायला पुन्हा आणखी एक वाहन. बस कशी, इथून निघाली की थेट सान दोमेनिकोच्या चौकात. टपावर कशाला ठेवीन त्याला? मांडीवर घेईन. पोज्जिबोन्सीच्या वळणांवर मला मळमळतं खरं, पण लिंबू हुंगत बसेन.

आणि त्यालाही बसच आवडायची. आठवतं ना? युद्धानंतर इथले पूल बांधायला आला तेव्हा दर सणाला घरी यायचा तो बसनेच. ड्रायव्हरच्या पाठीमागे बसायचा आणि सबंध रस्ता त्यालाच गाडी शिकवायचा. एकदा ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "गवंडीदादा, तुम्ही विटा लावा, मला गियर लावू द्या."

वीस तारखेला उकरणार आहेत. मी जाते. तू येऊ नकोस, दफनभूमीची ती टेकडी तुझ्या गुडघ्यांना झेपायची नाही.

तुझी नेल्ला


सिएना, १४ सप्टेंबर १९६१

नेल्ला,

बरं, बस तर बस. पण दोन जागांची तिकिटं काढ, म्हणजे शेजारी कुणी जाडा येऊन त्याला चेपणार नाही.

इथली तयारी झाली. दफनभूमीच्या भिंतीतला, आईच्या शेजारचा कोनाडा घासून पुसून ठेवलाय. दोन डबे मावतात. एक त्याचा, दुसरा माझा, पुढेमागे. दगडावर त्याचं नाव कोरायला दिलंय. कोरणाऱ्याने विचारलं, "बाई, तुमचंही आताच कोरून टाकू का, एकदम स्वस्त पडेल?" मी म्हटलं, "मेल्या, घाई काय आहे?"

आळीतही सांगून टाकलं. गोगलगाय आळीचं पोर परक्या मुलखातून परत येतंय म्हटल्यावर सगळे उभे राहिले. काळं कापड बांधलेला ढोल काढणार, झेंडा काढणार, चौकातून कोनाड्यापर्यंत डब्यावर झेंडा घालून नेणार. आपल्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर असलेल्या कासव आळीचा एक टवाळ म्हणालाच, "गोगलगायीला घरी यायला दहा वर्षं लागली होय?" मी म्हटलं, "पोचते तरी. तुमचं कासव उलटं पडलंय ते अजून सरळ झालेलं नाही." सगळे हसले. मीही हसले, खूप दिवसांनी.

सगळ्या मृतांचा दिवस दोन नोव्हेंबरला आहे. त्याच्या आत त्याला जागेवर बघायचंय मला. माझं पोट जरा रुसलंय, पेजेवर आहे, काळजीचं कारण नाही.

आर्जिया


फ्लोरेन्स, २५ सप्टेंबर १९६१

आर्जियाताई,

वीस तारखेला टेकडीवर जाऊन आले. सगळं रीतसर झालं. पाद्रीबाबा होते. ऊन चांगलं होतं. त्याच्या गळ्यातला आपल्या आळीचा रुमाल अजून तसाच होता बघ, लाल-पिवळा. रंगसुद्धा उडालेला नव्हता.

प्रवासाचं मी पुन्हा विचार करून बघतेय. बसचा रस्ता सध्या बऱ्याच ठिकाणी खणलाय म्हणे, धक्के फार बसतात. तुझं आगगाडीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण रेल्वेवाल्यांचा संप होणार असंही कानावर आलंय, आणि एम्पोलीला अडकून पडले तर काय करू? कुणाची मोटार मिळते का बघते. काळ्या गाडीचीही चौकशी करीन म्हणते. एवढी वर्षं थांबलो, थोडी घाई कमी केली तर बिघडलं कुठे? हिवाळा सरला की रस्तेही सुधारतील आणि तुझं पोटही.

पेज पिऊन भागत नाही, डॉक्टरांना दाखव.

नेल्ला


सिएना, १ ऑक्टोबर १९६१

नेल्ला,

हिवाळा सरला की? तू भानावर आहेस ना?

आधी आगगाडी नको, बस हवी. मग बस नको, आगगाडी हवी. आता मोटार. उद्या म्हणशील, आर्नो नदीतून होडीने आणते. मला घोडं कुठे पेंड खातंय ते कळत नाही असं वाटतं का तुला? पंचवीस वर्षं तिथलं पाणी प्यायलीस, तिथलीच झालीस. दर रविवारी फुलं न्यायला तुला हक्काची जागा आहे, ती जाऊ द्यायची नाही. त्यांनी आपलं गाव घेतलं, आता माझा भाऊही ठेवून घ्या म्हणावं.

तो तुझाही भाऊ आहे हे मला माहीत आहे. पण आई गेली तेव्हा तू पाच वर्षांची होतीस आणि तो तीनचा. रात्री तो कुणाच्या कुशीत शिरायचा ते विसरू नकोस. मी लग्न केलं नाही ते काय हौस नव्हती म्हणून?

रविवार, पंधरा ऑक्टोबर. सकाळची बस. आळीला तारीख दिलेली आहे आणि ती बदलणार नाही. आणि मला हिवाळ्याचं सांगू नकोस. का, ते विचारू नकोस.

आर्जिया


फ्लोरेन्स, ७ ऑक्टोबर १९६१

ताई,

बरं. पंधराला सकाळच्या बसने येते.

नेल्ला


सिएना, १६ ऑक्टोबर १९६१

नेल्ला,

काल काय झालं ते सगळं लिहिते, वाच.

सान दोमेनिकोच्या चौकात काल आपली सगळी आळी उभी होती. आळीचे कप्तान स्वतः होते, तापातून उठून आले होते. झेंडा धरायला चौघे. ढोलाला काळं कापड. दुसऱ्या आळ्यांचे लोक चर्चमधून बाहेर पडत होते, आम्हाला बघून टोप्या काढत होते. कासव आळीच्या त्या टवाळानेसुद्धा काढली. मी आईची काळी शाल घेतली होती.

बस आली. आधी एक पाद्री उतरला. मग दोन नन. मग एक माणूस सायकलचं चाक घेऊन. ढोलवाल्याने काठ्या उचलून धरल्या होत्या. दरवाजा बंद झाला. ड्रायव्हर माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, "माझ्या भावाची." तो म्हणाला, "बसमध्ये आता कुणी नाही हो."

दुपारच्या बसलाही थांबलो. संध्याकाळच्या बसला मी आणि झेलिंदा दोघीच होतो. कप्तान जाताना म्हणाले, "आर्जियाबाई, झेंडा मी घडी करून ठेवत नाही, असाच ठेवतो. कधीही सांगा." त्यांच्या या चांगुलपणाची मला जास्त लाज वाटली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी पन्नास वर्षं या गावात मान वर करून चालले. काल घरी जाताना भिंतीच्या कडेकडेने गेले.

तुला यायचं नव्हतं तर "येते" का लिहिलंस? एवढ्या एका गोष्टीचं उत्तर दे. मग पुन्हा लिहिलं नाहीस तरी चालेल.

आर्जिया


फ्लोरेन्स, २० ऑक्टोबर १९६१

ताई,

उत्तर देते. आता झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

वीस सप्टेंबरला त्यांनी त्याला बाहेर काढलं. पेटीचं झाकण कुजून आत पडलं होतं, ते बाजूला केलं. ताई, मी त्याला ओळखलं. दहा वर्षांनी ओळखू यायला नको होतं. हाडं असायला हवी होती, आणि तिथे दुइलिओ होता. त्याचं कपाळ, त्याच्या भुवया. याहून जास्त विचारू नकोस, मी लिहू शकणार नाही.

खणणारा माणूस भला होता. मला बाजूला बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, "या उताराला चिकणमाती आहे, पाणी मुरत नाही, निघतही नाही. इथे बऱ्याच जणांचं असं होतं. तो अजून तयार नाही, बाई." तयार नाही, असंच म्हणाला. मग त्यांनी त्याला नव्या पेटीत घालून पुन्हा मातीत ठेवलं. दुसऱ्या जागी, कोरड्या जमिनीत. आणखी पाच वर्षं. कायदाच तसा आहे, त्यात माझं काही चाललं नाही. मी रडले, हातापाया पडले, तिथल्या साहेबासमोर तमाशा केला.

घरी येऊन तुला लिहायला बसले, तर टेबलावर तुझं पत्र होतं. कोनाडा घासलाय, नाव कोरायला दिलंय, आळी उभी राहणार, खूप दिवसांनी हसले. कसं लिहू मी? मला वाटलं, आज आगगाडी, उद्या बस असं करत करत दिवस ढकलू. पाच वर्षं ढकलता येतील असं मला खरंच वाटलं होतं की काय कोण जाणे. मी मूर्ख आहे.

मग तू तारीख दिलीस. त्यावर मी काय केलं तेही ऐक, म्हणजे तुला माझा राग तरी नीट करता येईल. मी जस्ताचा डबा विकत आणला. त्यात माझ्या दोन जुन्या लोखंडी इस्त्र्या चादरीत गुंडाळून घातल्या. वजन अगदी बरोबर वाटत होतं. दोन तिकिटं काढली, डबा मांडीवर घेऊन बसले, आणि बस सुटली. माझा विचार असा होता की कोनाडा एकदा बंद झाला की कोण उघडून बघतंय? तुझं मन शांत होईल, आणि पाच वर्षांनी मी गुपचूप काहीतरी करीन.

शेजारून एक बाई म्हणाली, "मांडी अवघडली असेल, द्या माझ्याकडे थोडा वेळ." तिने ओळखलं होतं, ताई. तिने डब्यावर हात ठेवून क्रॉसची खूण केली आणि विचारलं, "कोण होते?" आणि मी म्हटलं, "भाऊ." त्या इस्त्र्यांना मी भाऊ म्हटलं. मग पुढचं सगळं डोळ्यांसमोर आलं. आता त्यांच्यावर झेंडा घालतील, कप्तान मान खाली घालतील, तू त्यावर डोकं टेकशील. पोज्जिबोन्सीला मी उतरले. दिवसभर तिथल्या थांब्यावर बसून होते, परतीची बस येईपर्यंत.

तू चौकात उभी होतीस हे मला माहीत होतं. सगळा वेळ माहीत होतं.

नेल्ला


सिएना, २८ ऑक्टोबर १९६१

नेल्ला, माझ्या पोरी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी आधी त्याच्यावरच चिडले. म्हटलं, काय हा हट्टी! जिवंतपणी ऐकलं नाही, मेल्यावर तरी ऐकावं. मग फार रडले. रडले ते तुझ्यासाठी. तू त्याला तसं पाहिलंस आणि महिनाभर एकटीने पोटात ठेवलंस, आणि मी तुला फ्लोरेन्सवाली म्हणून टोचत होते. इस्त्र्यांचं मी कुणाला सांगितलेलं नाही. कप्तानांना एवढंच सांगितलं की तो अजून तयार नाही. ते म्हणाले, "आमच्या मामाचंही तसंच झालं होतं," आणि विषय तिथेच संपवला. गावात कुणी हसत नाही. मी उगाच भिंतीच्या कडेने चालले.

आता माझंही झाकलेलं काढते. पोट रुसलेलं नाही, पोटात गाठ आहे. ऑगस्टमध्येच डॉक्टरांनी सांगितलं. कापून उपयोग नाही म्हणाले. वसंत ऋतूचं विचारलं तर खिडकीबाहेर बघायला लागले. म्हणून मला हिवाळा नको होता.

तेव्हा पाच वर्षांचं गणित माझ्या कामाचं नाही. मी नसेन. आणि तू तरी काय, सत्तरीकडे निघालीस, तेव्हा तुझे हात कसे असतील कुणास ठाऊक. मी त्याला म्हटलं होतं की नेते. ते आता व्हायचं नाही. मग मी खूप विचार केला, नेल्ला. रात्री झोप नसते, विचारच असतो. तो येत नसेल तर मला जाता येईल.

पालिकेच्या कचेरीत जाऊन विचारून आले. माणूस ज्या गावात मरतो त्या गावाला त्याला जमीन द्यावीच लागते, मग तो कुठलाही असो. मेल्यावर न्यायचं तर दोन गावांचे परवाने आणि काळी गाडी. जिवंतपणी गेलं तर एक तिकीट. कारकून म्हणाला, "कुणासाठी विचारताय, बाई?" मी म्हटलं, "आहे एक ओळखीची."

तुला काय वाटतंय ते मला कळतं. मीही तेच म्हटलं असतं. ज्या मातीचं नाव काढलं तरी आपले वडील थुंकायचे, तिच्यात आपण होऊन जायचं. आईला सोडून जायचं. पण आईच्या शेजारी वडील आहेत, आजी आहे, सगळी आळी आहे. त्याच्या शेजारी कोण आहे? तो लहानपणी अंधारात एकटा झोपत नसे. आता दहा वर्षं झोपलाय, वर पाच.

कोनाड्यातली जागा मी झेलिंदाला दिली. ती खूप रडली, आणि मग विचारलं, "तिथे ऊन किती वेळ असतं गं?"

एम्पोलीचा जिना मला आता चढवणार नाही. बसची वळणं पोटाला सोसतील की नाही तेही सांगता येत नाही. तू सांगशील तशी येते. फक्त लवकर सांग.

आर्जिया


फ्लोरेन्स, २ नोव्हेंबर १९६१

आर्जियाताई,

आधी लिहिणार होते की इथे मोठे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवू. लिहून खोडलं. तू डॉक्टरांसाठी निघालेली नाहीस.

एकटी येऊ नकोस. मंगळवारी मी सिएनाला येते, बुधवारी आपण दोघी बसनेच निघू. दोन जागा तुझ्यासाठी काढीन, आडवं होता येईल. वाटेत सोसेना झालं तर उतरू, थांबू, पुढची बस धरू. ड्रायव्हरशी बोलून ठेवीन की वळणांवर जरा जपून. कप्तानांना मीच भेटेन आणि मी जे करायला निघाले होते ते सगळं माझ्या तोंडाने सांगेन, इस्त्र्यांसकट. ते तू माझ्यासाठी लपवायचं कारण नाही.

आज मृतांचा दिवस म्हणून टेकडीवर गेले होते. आता खोटं लिहिणार नाही, म्हणून सांगते. ज्यांना पुन्हा ठेवतात त्यांचा भाग वेगळा आहे, वरच्या भिंतीपाशी. नव्याने जाणाऱ्यांच्या ओळी खालच्या अंगाला. मधे वाट आहे आणि सायप्रसची झाडं. त्याच्या लगत जागा मिळणार नाही, मी विचारलं. पण खालच्या ओळीतून मान वर केली की त्याची भिंत दिसते. मी त्याला सांगितलं की तू येतेयस. एवढ्या माणसांत मोठ्याने बोलले, पण आज तिथे सगळेच बोलत होते.

माझा पलंग रुंद आहे. भिंतीकडची बाजू तुझी, तिथे वारा लागत नाही. घरमालकीण जरा खवट आहे पण मनाने वाईट नाही. तिने विचारलं, "बहीण किती दिवस राहणार?" मी सांगितलं, थंडीपुरती.

नेल्ला